फाशीविरुद्धचे अपील : शिक्षा वाढवणारी परिस्थिती कोणी आणि कशी सिद्ध करायची?

बावड्याचा ज्युनियर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी तिसऱ्या वर्षी काम करतो आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी इथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले इथेच चालू लागली. पूर्वी अशा प्रकरणाची फाइल बांधून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईच्या वकिलांकडे पोहोचवली की आमचे काम संपत असे. आता युक्तिवादाची टिपणे आम्हालाच काढावी लागतात, आणि त्यातल्या एका टिपणावर मी आठवडाभर अडलो आहे.

प्रकरण थोडक्यात असे आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). वस्तीवर राहणाऱ्या एका वृद्ध जोडप्याचा २०१९ साली रात्री घरातच खून झाला आणि अंगावरचे दागिने गेले. सत्र न्यायालयाने दोघांना दोषी धरले, त्यांपैकी एकाला जन्मठेप आणि आमच्या अशिलाला फाशी दिली. शिक्षा कायम करण्यासाठी सत्र न्यायालयाने पाठवलेला संदर्भ आणि आमचे अपील ही दोन्ही एकत्र सुनावणीला येतील.

निकालपत्र १४६ पानांचे आहे आणि त्यातला शिक्षेचा भाग साडेपाच पानांचा आहे. फाशीसाठी चार कारणे दिली आहेत : आरोपीवर आणखी पाच गुन्हे दाखल आहेत, मृत महिलेच्या अंगावर ‘२३ वार’ होते, आरोपीने शेवटपर्यंत पश्चात्ताप व्यक्त केला नाही, आणि या घटनेने संपूर्ण तालुका हादरला होता. ही कारणे सिद्ध करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, त्यासाठी पुराव्याचा कोणता दर्जा लागतो, आणि खालच्या न्यायालयात आमच्या आधीच्या वकिलांनी यावर एक शब्दही काढलेला नसताना अपिलात हे मुद्दे घेता येतील का, असा माझा प्रश्न आहे. बाररूममध्ये विचारले तर उत्तर मिळाले की, खून सिद्ध झाला, आता शिक्षेवर वेगळा पुरावा कसला मागता.

रंकाळावेस

बाररूममध्ये मिळालेले उत्तर अर्धेच खरे आहे. दोष सिद्ध होणे ही एक पायरी आहे आणि फाशी योग्य ठरणे ही दुसरी. म्हणूनच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी सांगितली आहे आणि कलम ३५४(३) मध्ये फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ नोंदवण्याचे बंधन घातले आहे. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे २५८(२) आणि ३९३(३) म्हणून आली आहेत. जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद असेल, तर अपवादाचा आधार दाखवण्याचे ओझे तो मागणाऱ्यावर, म्हणजे सरकार पक्षावर पडते.

हे केवळ माझे मत नाही. बचन सिंग वि. पंजाब राज्य या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फाशीची घटनात्मकता मान्य केली, पण त्याच निकालात आरोपीच्या बाजूने विचारात घ्यायच्या गोष्टींची जी यादी आहे, त्यातली तिसरी आणि चौथी गोष्ट नीट वाचा. आरोपी पुढे हिंसक कृत्ये करून समाजाला सततचा धोका ठरणार नाही ही शक्यता तिसऱ्या कलमात आहे, आणि तो सुधारू शकतो व त्याचे पुनर्वसन होऊ शकते ही शक्यता चौथ्यात. या दोन्ही शक्यता नाहीत हे सरकारने पुराव्याने सिद्ध करावे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पुढे २००९ साली संतोष बारियार वि. महाराष्ट्र राज्य या निकालाने त्याला आणखी धार आणली : आरोपी सुधारण्यापलीकडे का गेला आहे हे सरकारने दाखवायचे, आणि जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झाला आहे असे न्यायालयाला वाटले तरच फाशी द्यायची. तुमच्या निकालपत्राच्या साडेपाच पानांत ‘सुधारणा’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. येतच नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच आहे.

आता पाच गुन्ह्यांचे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गफलत इथे होते, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते. गुन्हा दाखल असणे म्हणजे शिक्षा झालेली असणे नव्हे. शंकर किसनराव खाडे वि. महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ खटले प्रलंबित असणे ही फाशीसाठी शिक्षा वाढवणारी परिस्थिती ठरत नाही. त्या खटल्यांत आरोपी दोषी ठरलेला असला पाहिजे. राजेंद्र प्रल्हादराव वासनिक वि. महाराष्ट्र राज्य या डिसेंबर २०१८ च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रलंबित खटल्यांबाबत हीच भूमिका घेतली. आणि समजा एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असली, तरी ती सिद्ध करण्याची पद्धत जुन्या संहितेच्या कलम २९८ मध्ये (नव्या संहितेत ३३४) दिलेली आहे : त्या निकालाचा प्रमाणित उतारा, किंवा कारागृह अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला अथवा बंदीपत्र, आणि त्याच्या जोडीला ती शिक्षा झालेला इसम हाच आरोपी आहे याचा पुरावा. हा ओळखीचा भाग बहुतेक सगळे विसरतात.

प्रत्यक्षात काय होते, तर शिक्षेवरील युक्तिवादाच्या वेळी पोलीस ठाण्यातून एक टंकलिखित तक्ता येतो. त्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे आणि ‘न्यायप्रविष्ट’ एवढा शेरा असतो, आणि तो सरकारी वकिलांच्या अर्जाला टाचून फाइलला लागतो. त्याला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून दाखल झाल्याचा न्यायालयाचा क्रमांक) पडत नाही, तो कोणत्याही साक्षीदाराने शाबित केलेला नसतो, आणि आरोपीच्या वकिलांना त्यावर उलटतपासाची संधी मिळालेली नसते. म्हणून आधी पेपरबुकात (अपिलासाठी बांधलेल्या खटल्याच्या कागदांच्या संचात) तो तक्ता शोधा आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने काही क्रमांक आहे का ते पाहा.

पश्चात्तापाचे कारण तर मला तत्त्वतःच पटत नाही. आरोपीने कलम ३१३ खालच्या जबाबात (पुराव्याबद्दल न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत) गुन्हा नाकारला, हा त्याचा हक्क झाला. शेवटपर्यंत निर्दोष असल्याचे सांगणाऱ्या माणसाने शिक्षेच्या दिवशी पश्चात्तापही दाखवावा ही अपेक्षा ठेवली, तर अपील करण्याचाच दंड त्याला दिल्यासारखे होते. तालुका हादरल्याबद्दल एवढेच की, मच्छी सिंग (१९८३) निकालातली समाजाच्या सामूहिक सद्सद्विवेकबुद्धीची भाषा सगळे उद्धृत करतात. पण न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये, हा इशारा त्याच्या तीन वर्षे आधी बचन सिंगमध्ये दिला गेला आहे.

निवृत्त सरकारी वकील, सातारा

रंकाळावेस ताईंच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण तीस वर्षे दुसऱ्या बाजूला उभा राहिल्यामुळे एक दुरुस्ती सुचवतो. शिक्षा वाढवणारी परिस्थिती दोन प्रकारची असते. एक गुन्ह्यातून निघते : क्रौर्य, पूर्वनियोजन, बळीची असहायता. दुसरी गुन्हेगारासंबंधी असते : त्याचा पूर्वेतिहास, त्याच्यापासून असलेला पुढचा धोका, सुधारण्याची शक्यता. पहिल्या प्रकारासाठी शिक्षेच्या टप्प्यावर नव्याने साक्षीदार तपासण्याची गरज नसते, कारण शवविच्छेदन, घटनास्थळाचा पंचनामा आणि साक्षी यांतून ती बाब दोषसिद्धीच्या वेळीच वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालेली असते. स्वतंत्र पुरावा लागतो तो दुसऱ्या प्रकारासाठी. बचाव पक्षाचे वकील दोन्ही प्रकार एकत्र करून ‘काहीच सिद्ध नाही’ असे म्हणतात, तेव्हा खंडपीठाचा त्यांच्या उरलेल्या चांगल्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. अपिलातल्या टिपणात हे दोन ढीग वेगळे करा.

क्रौर्याच्या बळावर फाशी टिकतच नाही, असेही समजू नका. कोल्हापूरच्याच सत्र न्यायालयाने आईच्या खुनाच्या एका प्रकरणात २०२१ साली दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२४ रोजी कायम केली. मात्र तिथेही उच्च न्यायालय कृत्याच्या अमानुषतेवर थांबले नाही, आरोपी सुधारण्याची शक्यता आहे का याचाही विचार त्या निकालात आहे. (याच शहरातल्या बालकांचे अपहरण व खून प्रकरणात २००१ मध्ये झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकूनही जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली, ती दयेच्या अर्जावरील विलंबामुळे. तो विषय निराळा आहे. इथे त्याची गल्लत नको.)

परंतु पहिल्या ढिगातली गोष्टसुद्धा पुराव्याने जेवढी सिद्ध झाली असेल तेवढीच धरायची, त्याहून तसूभर अधिक नाही. तुमच्या निकालपत्रातल्या ‘२३ वारां’कडे मी याच नजरेने पाहतो. शवविच्छेदन अहवालाचा रकाना क्रमांक १७ उघडा. त्यात बाहेरील जखमा एकेक करून लिहिलेल्या असतात : प्रकार, लांबी-रुंदी, शरीराचा भाग. त्यातल्या किती जखमा धारदार शस्त्राच्या आहेत, किती नुसते खरचटणे आहे, आणि त्यातली एखादी मृत्यूनंतर ओढत नेताना झालेली आहे का, हे बघा. मग डॉक्टरांचा उलटतपास वाचा. २३ जखमा म्हणजे २३ वार नव्हेत. माझ्याच एका प्रकरणात एकूण आकडा मोठा होता आणि प्राणघातक घाव दोन निघाले. मी तेव्हा सरकार पक्षातर्फे होतो आणि न्यायमूर्तींच्या प्रश्नाला उत्तर देताना माझी चांगलीच अडचण झाली.

पूर्वनियोजनाचेही तसेच आहे. हत्यार कोठून आले? आरोपींनी ते बरोबर आणले असेल तर एक अर्थ निघतो. घरातलाच कोयता उचलला असेल तर चोरीच्या इराद्याने आलेल्या माणसाने झटापटीत केलेला खून, असा वेगळा अर्थ निघू शकतो. आणखी एक जागा : एकाच घटनेत एकाला जन्मठेप आणि दुसऱ्याला फाशी दिली आहे, तर घातक घाव कोणी घातले याचा पुरावा आहे का? केवळ समान उद्देशाच्या कलमावर दोघे दोषी ठरले असतील, तर क्रौर्य एकट्याच्या पदरात टाकण्यासाठी त्याची स्वतःची भूमिका सिद्ध झालेली हवी. अशोक देबबर्मा वि. त्रिपुरा राज्य या २०१४ च्या निकालात ‘उरलेला संशय’ ही कल्पना आली आहे. दोष सिद्ध धरण्याइतका पुरावा असला, तरी मनात रेंगाळणारा संशय फाशी टाळण्यासाठी पुरेसा ठरू शकतो.

वाचक, मिरज

मी वकील नाही. आमच्या घरातल्या एका व्यक्तीचा खून झाला आणि आरोपीला जन्मठेप झाली. वरची चर्चा वाचून वाटते की सगळा विचार आरोपीच्याच बाजूने चालतो. शिक्षा वाढवून मागण्यासाठी आम्ही कुटुंबीय सर्किट बेंचकडे अपील करू शकतो का, आणि शिक्षा वाढवणारी परिस्थिती आम्हाला मांडता येते का?

रंकाळावेस

वाचक महोदय, तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तुम्हाला समाधान देणारे नाही. बळीला अपिलाचा हक्क देणारे जे परंतुक जुन्या संहितेच्या कलम ३७२ ला (नव्या संहितेत ४१३) जोडले आहे, त्यात निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्यात दोषसिद्धी आणि अपुरी नुकसानभरपाई या तीनच कारणांसाठी अपील करता येते. शिक्षा अपुरी आहे हे कारण त्यात नाही, आणि परविंदर कंसल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. शिक्षा वाढवण्याचे अपील राज्य सरकारने कलम ३७७ (नवे ४१८) खाली सरकारी वकिलांमार्फत करायचे असते. त्यासाठी तुम्ही सरकारकडे लेखी मागणी करू शकता. ते अपील दाखल झाल्यास आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि तो त्याच सुनावणीत निर्दोषत्व किंवा शिक्षेत घटही मागू शकतो. उच्च न्यायालयाला पुनरीक्षणातही नोटीस देऊन शिक्षा वाढवण्याचा अधिकार आहे, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायालयाच्या विवेकावर असतो.

याउलट, एकट्या आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. कलम ३८६(ब) मध्ये तसे स्पष्ट आहे. परिस्थिती मांडण्याचे म्हणाल, तर सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने आपला वकील नेमता येतो. त्यांच्या हाती वर्णनापेक्षा कागद द्या. आरोपीने जामिनावर असताना धमकावल्याची तक्रार दिली असेल, तर तिची पोच द्या.

बावड्याचा ज्युनियर

सर्वांचे आभार. रविवारी पूर्ण पेपरबुक पुन्हा वाचले, आणि जे सापडले ते सांगतो.

तक्त्यावर निशाणी क्रमांक नाही. पाच गुन्ह्यांपैकी दोन न्यायप्रविष्ट आहेत, दुसऱ्या दोहोंत निर्दोष सुटका झाल्याचे आमच्या अशिलाचा भाऊ सांगतो (प्रमाणित नकलांसाठी अर्ज केला आहे), आणि पाचव्या नोंदीत आरोपीचे नाव व आडनाव तेच असले तरी वडिलांचे नाव वेगळे आहे. हे मी चार वेळा वाचूनही माझ्या नजरेतून सुटले होते. ताईंनी ओळखीच्या पुराव्याचा उल्लेख केला म्हणून या वेळी बोट ठेवून वाचले.

रकाना १७ मध्ये २३ नोंदी आहेत खऱ्या, पण डॉक्टरांनी उलटतपासात मान्य केले आहे की त्यातल्या १४ किरकोळ खरचटलेल्या आहेत. कोयता मृतांच्याच गोठ्यातला असल्याचे त्यांच्या सुनेने सरतपासात (सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना) सांगितले आहे.

आणि रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) : दोषसिद्धीचा आदेश दुपारी, शिक्षेवर ऐकून घेतल्याची नोंद त्याच दिवशी, शिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. आरोपीचे म्हणणे म्हणून एकच ओळ आहे, ‘घरी म्हातारी आई आहे, दया करावी’. माझा शेवटचा प्रश्न याच संदर्भात आहे. आमच्या बाजूने खालच्या न्यायालयात काहीच आलेले नाही. ते आता आणता येईल का, आणि आम्ही दार उघडले तर सरकार पक्षही त्यातून नवा पुरावा आत आणेल का?

निवृत्त सरकारी वकील, सातारा

आणता येईल. मनोज वि. मध्य प्रदेश राज्य या मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले आहेत की, फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यात आरोपीच्या मानसिक व मनोवैज्ञानिक तपासणीचा अहवाल सरकारनेच, शक्यतो आधी गोळा करून, सत्र न्यायालयासमोर ठेवावा. त्याशिवाय आरोपीचे वय, बालपणीची व आताची कौटुंबिक परिस्थिती, शिक्षण, आर्थिक-सामाजिक पार्श्वभूमी, रोजगार व पूर्वीच्या शिक्षांचा तपशील सरकारने मुदतीत द्यावा, आणि कारागृहातले वर्तन, तिथे केलेले काम, शिक्षण यांची माहितीही मागवावी. तुमचा निकाल मे २०२२ नंतरचा असेल, तर हे काहीही न करता एका दिवसात झालेली सुनावणी हाच स्वतंत्र आक्षेप होतो. आधीचा असला तरी उच्च न्यायालय हे अहवाल आता मागवू शकते.

मार्ग दोन आहेत. अपिलात कलम ३९१ (नवे ४३२) खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज, आणि शिक्षा कायम करण्याच्या संदर्भात कलम ३६७ (नवे ४०८) खाली पुढील चौकशीचे निर्देश. संदर्भाच्या प्रकरणात खंडपीठाला सगळा पुरावा स्वतः तपासावा लागतो, त्यामुळे ‘खाली मुद्दा घेतला नाही’ हा आक्षेप तिथे फारसा टिकत नाही. आधीच्या वकिलांच्या मौनाची काळजी सोडा.

सरकार पक्षाबद्दलची तुमची भीती अगदीच निराधार नाही. कारागृह अधीक्षकांच्या अहवालात शिस्तभंगाची नोंद निघाली तर ती तुमच्या विरुद्ध जाईल. म्हणून अर्ज करण्यापूर्वी अशिलाला प्रत्यक्ष भेटा. वकीलपत्रावर सही घेण्यासाठी जातो तशी दहा मिनिटांची भेट नको. शाळा कधी सुटली, कोणाकडे कामाला होता, व्यसन आहे का, कारागृहात कोणाशी भांडण झाले का, हे सगळे विचारा. पण जुन्या गुन्ह्यांचा तोच तक्ता आता निशाणीला लावण्याचा अर्ज सरकारने दिला, तर त्याला जोरदार विरोध करा : अपिलातला अतिरिक्त पुरावा हा तपासातल्या फटी बुजवण्यासाठी नसतो.

रंकाळावेस

एकच भर घालते. मागणी केवळ ‘फाशी रद्द करावी’ एवढीच ठेवू नका. श्रीहरन प्रकरणातील २०१५ च्या निकालानुसार उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी ठरावीक वर्षे सूट न मिळणारी जन्मठेप देऊ शकतात. सत्र न्यायालयाला खुनाच्या गुन्ह्यात तो अधिकार नाही. खंडपीठाला मधला पर्याय हवा असतो, आणि तो तुम्ही सुचवला नाही तर समोरून ३० वर्षांचा आकडा येतो. पर्यायी युक्तिवाद म्हणून तुमचा आकडा आणि त्यामागचे कारण तयार ठेवा.

आणि त्या पाचव्या नोंदीच्या गुन्ह्यातील दोषारोपपत्राची नक्कल आजच मागवा. वडिलांचे नाव टंकनदोष आहे की माणूसच दुसरा आहे, हे तुम्हाला सुनावणीच्या आधी माहीत असले पाहिजे.

बावड्याचा ज्युनियर

नक्कल विभागात अर्ज दिला. शिरस्तेदार म्हणाले, गुरुवारी या.